कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा दुवा शोधणारे निकोलाय अनिचकोव्ह

चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीला डॉक्टर ज्या रक्ततपासण्या करून घेण्यास सांगतात, त्यांत आज ‘लिपिड प्रोफाइल’ ही तपासणी बहुधा असतेच. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स असे काही आकडे त्या अहवालात असतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्या पुढील काळात अरुंद होण्याचा धोका किती, याचा अंदाज या आकड्यांच्या आधारे बांधला जातो. हातातून काढलेल्या थोड्याशा रक्तातील एका घटकाचा धमन्यांच्या आजाराशी कार्यकारणाचा संबंध आहे, हे प्रयोगाने प्रथम स्पष्टपणे दाखवून देण्याचे श्रेय रशियन विकृतिशास्त्रज्ञ निकोलाय निकोलायेविच अनिचकोव्ह यांच्याकडे जाते. १९१३ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. वैद्यकविश्वाने तो निष्कर्ष पूर्णपणे स्वीकारण्यास मात्र त्यानंतर कित्येक दशके घेतली.

हा विलंब का झाला, याची हकीकत अनिचकोव्ह यांच्या चरित्राइतकीच बोधप्रद आहे. रक्तातील एखाद्या निदर्शकाचा अर्थ कसा लावावा आणि कसा लावू नये, हे त्या हकीकतीतून कळते.

सेंट पीटर्सबर्गमधील जडणघडण

अनिचकोव्ह यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८८५ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. त्यांचे वडील झारच्या राजवटीत शिक्षण खात्यात उच्च पदावर होते. घरात विद्येचे वातावरण होते. १९०३ साली त्यांनी सेंट पीटर्सबर्गच्या शाही लष्करी वैद्यकीय अकादमीत प्रवेश घेतला आणि १९०९ साली तेथून वैद्यकाची पदवी संपादन केली. त्या काळी ही अकादमी रशियातील वैद्यकीय संशोधनाचे अग्रगण्य केंद्र होती. पचनसंस्थेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे इव्हान पाव्हलोव्ह याच अकादमीत प्राध्यापक होते. प्राण्यांवर काटेकोर प्रयोग करून शरीराचे व्यवहार समजून घेण्याची परंपरा तेथे रुजलेली होती.

अनिचकोव्ह यांचा ओढा प्रारंभापासून विकृतिशास्त्राकडे होता. रोगाने ऊतींमध्ये घडवलेले बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि त्यांवरून रोगाची वाटचाल ओळखणे, हे या शास्त्राचे काम. १९१२ साली डॉक्टरेटसाठी त्यांनी हृदयाच्या स्नायूतील दाहाचा अभ्यास सादर केला. या अभ्यासात त्यांनी वर्णन केलेल्या, विशिष्ट आकाराचे केंद्रक असलेल्या पेशी आजही ‘अनिचकोव्ह पेशी’ या नावानेच ओळखल्या जातात. संधिवाताच्या तापामुळे हृदयाला होणाऱ्या आजारात या पेशी आढळतात. धमन्यांवरील संशोधन त्यांनी केले नसते, तरी विकृतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव राहिले असते.

त्या काळातील हृदयविकाराचे ज्ञान

अनिचकोव्ह यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी तत्कालीन वैद्यकाची स्थिती पाहणे आवश्यक आहे. चालताना किंवा चढण चढताना छातीत येणाऱ्या कळेचे तपशीलवार वर्णन इंग्लंडचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकातच केले होते. कॉरोनरी धमनीत रक्ताची गुठळी अडकल्याने येणारा झटका रुग्ण जिवंत असताना ओळखता येतो आणि त्यातून रुग्ण वाचूही शकतो, हे अमेरिकेतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१२ साली मांडले. धमनी आतून जाड आणि कठीण होते, हे शवविच्छेदनात अनेकांनी पाहिले होते. परंतु ती तशी का होते, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. बहुसंख्य डॉक्टर हा वार्धक्याचा अटळ परिणाम मानत. केस पिकावेत, तशा धमन्या कठीण व्हाव्यात, असा तो समज होता. जे अटळ आहे त्याचे कारण शोधण्याची किंवा त्याला प्रतिबंध करण्याची गरज कुणाला वाटणार?

या समजाला तडा देणारी पहिली ठिणगी एका चुकीच्या गृहीतकातून पडली. रशियात जन्मलेले व पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे इल्या मेचनिकोव्ह यांच्या विचारांचा त्या काळी मोठा प्रभाव होता. आहारातील अतिरिक्त प्राणिज प्रथिनांमुळे वार्धक्य लवकर येते, अशी कल्पना त्या वेळी प्रचलित होती. ती तपासण्यासाठी सेंट पीटर्सबर्ग येथील अलेक्झांडर इग्नाटोव्हस्की यांनी सशांना मांस, दूध आणि अंडी खाऊ घातली. सशांच्या महाधमनीत माणसातील धमनीकाठिण्यासारखे थर निर्माण झाल्याचे त्यांनी १९०८ साली जाहीर केले. दोष प्रथिनांचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतर स्टुकी या संशोधकाने हाच प्रयोग घटक वेगळे करून केला. काही सशांना मांसरस, काहींना अंड्यातील पांढरा भाग आणि काहींना पिवळा बलक देण्यात आला. धमन्यांतील बदल केवळ बलक खाणाऱ्या सशांमध्ये दिसले. प्रथिनांनी समृद्ध असलेला पांढरा भाग निर्दोष ठरला. प्रथिनांचे गृहीतक येथेच कोसळले. आता प्रश्न उरला तो बलकातील नेमक्या घटकाचा.

सूर्यफुलाचे तेल आणि शुद्ध कोलेस्टेरॉल

हा प्रश्न अनिचकोव्ह आणि त्यांचे तरुण सहकारी सेमियोन खालाटोव्ह यांनी हाती घेतला. कोलेस्टेरॉल हा पदार्थ तेव्हा नवा नव्हता. पित्ताशयातील खड्यांत तो अठराव्या शतकातच सापडला होता. १९१० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ विंडाउस यांनी रोगग्रस्त मानवी महाधमनीतील थरांचे पृथक्करण केले होते. निरोगी महाधमनीच्या तुलनेत त्यांत कोलेस्टेरॉलचे प्रमाण २० पटींहून अधिक असल्याचे त्यांना आढळले होते. रोगाच्या जागी कोलेस्टेरॉल असते, इतके त्यावरून सिद्ध झाले. परंतु ते रोगाचे कारण आहे की रोगानंतर तेथे साचलेला अवशेष आहे, हे केवळ रासायनिक पृथक्करणातून सांगता येत नव्हते.

अनिचकोव्ह आणि खालाटोव्ह यांनी प्रयोगाची रचना अत्यंत साधी ठेवली. शुद्ध स्वरूपातील कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून एका गटातील सशांना देण्यात आले. तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटाला केवळ सूर्यफुलाचे तेल मिळाले. केवळ तेल घेणाऱ्या सशांच्या धमन्या निरोगी राहिल्या. कोलेस्टेरॉल घेणाऱ्या सशांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मोठ्या प्रमाणात वाढले आणि त्यांच्या महाधमनीत मेदाचे थर निर्माण झाले. हा निष्कर्ष १९१३ साली एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या सुमारास अनिचकोव्ह पुढील अभ्यासासाठी जर्मनीस गेले होते. फ्रायबुर्ग येथे त्यांनी नामवंत विकृतिशास्त्रज्ञ लुडविग आशॉफ यांच्या प्रयोगशाळेत काम केले. आशॉफ यांना त्यांच्या संशोधनाचे मोल तत्काळ उमगले आणि पुढेही त्यांनी ते सातत्याने पुरस्कारले.

धमनीच्या भिंतीत काय घडते

अनिचकोव्ह केवळ कारण दाखवून थांबले नाहीत. पुढील अनेक वर्षे त्यांनी धमनीच्या भिंतीत घडणाऱ्या घडामोडींचा पायरीपायरीने अभ्यास केला. कोलेस्टेरॉल रक्तातून धमनीच्या आतील आवरणात शिरते, तेथे भक्षक पेशी ते गिळतात आणि मेदाच्या थेंबांनी गच्च भरून फुगतात, हे त्यांनी दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसणाऱ्या या पेशींचा पुंजका म्हणजे रोगाची पहिली खूण. कालांतराने त्याभोवती तंतुमय ऊती तयार होते आणि मऊ पट्ट्याचे रूपांतर टणक उंचवट्यात होते. दाहाशी संबंधित इतर पेशीही त्यांना तेथे आढळल्या. धमनीकाठिण्यात दाहाचा वाटा मोठा असतो, ही आज सर्वमान्य असलेली गोष्ट त्यांच्या निरीक्षणांत बीजरूपाने होती.

धमन्यांना जेथे फाटे फुटतात, तेथे हे थर अधिक दिसतात, हेही त्यांच्या ध्यानात आले. रक्तातील कोलेस्टेरॉल सर्वत्र सारखेच असते. तरीही ते विशिष्ट जागीच साचते, याचा अर्थ रक्तप्रवाहाच्या दाबाचा आणि भोवऱ्यांचाही त्यात वाटा असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. उच्च रक्तदाबासारखे घटक या प्रक्रियेला चालना देतात, हेही ते सांगत आले. कोलेस्टेरॉल हा त्यांच्या सिद्धांताचा केंद्रबिंदू असला, तरी रोगाची कारणे अनेक असून ती एकत्रितपणे काम करतात, अशीच त्यांची भूमिका होती. पुढे टीकाकारांनी त्यांच्यावर एकांगीपणाचा आरोप केला, तेव्हा या भूमिकेकडे मात्र दुर्लक्ष झाले.

आणखी एक निरीक्षण विशेष उल्लेखनीय आहे. कोलेस्टेरॉल देणे थांबवून सशांना त्यांच्या नेहमीच्या आहारावर परत आणले असता, दीर्घ काळानंतर थरांतील मेद कमी होत जातो, असे त्यांना १९२० च्या दशकात आढळले. तंतुमय भाग मात्र शिल्लक राहतो. धमन्यांतील रोग काही अंशी मागे फिरू शकतो, या विचाराची ही पहिली प्रायोगिक सूचना होती.

आक्षेप आणि उपेक्षा

इतका स्पष्ट पुरावा असूनही वैद्यकविश्व साशंक राहिले. पहिला आक्षेप प्राण्याविषयी होता. ससा शाकाहारी प्राणी. त्याच्या नैसर्गिक आहारात कोलेस्टेरॉल नसतेच. अशा प्राण्याला अनैसर्गिक अन्न देऊन मिळालेला निष्कर्ष मिश्राहारी माणसाला कसा लागू करावा, असा प्रश्न विचारला गेला. दुसरा आक्षेप प्रमाणाविषयी होता. या सशांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल अनेकदा ५०० ते १,००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतके वाढत असे. माणसांत इतके प्रमाण क्वचितच आढळते. तिसरा आक्षेप सर्वांत प्रभावी ठरला. अन्य संशोधकांनी हाच प्रयोग उंदीर आणि कुत्रे यांच्यावर केला, तेव्हा त्यांच्या धमन्यांत काहीच बदल झाला नाही. त्यामुळे कोलेस्टेरॉलचा सिद्धांत केवळ सशांपुरता खरा आहे, असा समज पसरला.

या आक्षेपातील त्रुटी आज सहज दिसते. उंदीर आणि कुत्रा यांचे यकृत आहारातून आलेल्या कोलेस्टेरॉलचे मोठ्या क्षमतेने पित्ताम्लांत रूपांतर करते. परिणामी त्यांनी कितीही कोलेस्टेरॉल खाल्ले, तरी त्यांच्या रक्तातील प्रमाण फारसे वाढत नाही. ज्या प्राण्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेच नाही, त्याच्या धमन्या निरोगी राहिल्या, यात सिद्धांताला बाध आणणारे काही नव्हते. उलट, रोगाचे नाते ताटात काय वाढले आहे यापेक्षा रक्तात काय फिरते आहे याच्याशी अधिक जवळचे आहे, हीच गोष्ट त्यातून सूचित होत होती. १९४६ साली अमेरिकेतील स्टायनर आणि केंडॉल यांनी कुत्र्यांना कोलेस्टेरॉलबरोबर थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावणारे औषध दिले. त्यामुळे कुत्र्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले आणि त्यांच्या धमन्यांतही तसेच थर निर्माण झाले.

युद्ध, अध्यापन आणि सन्मान

दरम्यान अनिचकोव्ह यांचे आयुष्य विसाव्या शतकातील रशियाच्या उलथापालथींतून जात होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते मायदेशी परतले आणि लष्करी डॉक्टर म्हणून त्यांनी सेवा बजावली. झारशाही कोसळली, क्रांती झाली, यादवी माजली. अनिचकोव्ह रशियातच राहिले. १९२० साली ते ज्या अकादमीत शिकले होते, तेथेच प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाले. त्याच वर्षापासून प्रायोगिक वैद्यक संस्थेतील विकृतिशास्त्र विभागाची धुराही त्यांनी सांभाळली. विकृतिशास्त्रज्ञांच्या अनेक पिढ्या त्यांच्या हाताखाली घडल्या.

१९३३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, धमनीकाठिण्यावरील एका महत्त्वाच्या ग्रंथात त्यांनी आपल्या प्रयोगांचा सविस्तर आढावा घेणारे प्रकरण इंग्रजीत लिहिले. त्यामुळे त्यांचे विचार इंग्रजी जाणणाऱ्या संशोधकांपर्यंत पोहोचले. १९३९ साली ते सोव्हिएत विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९४२ साली त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले. लष्करी वैद्यकीय सेवेत त्यांना लेफ्टनंट जनरल हे पद प्राप्त झाले. १९४६ ते १९५३ या काळात ते सोव्हिएत वैद्यकीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. विज्ञानावर राजकीय मतांचे कठोर दडपण असलेला हा काळ होता. त्याच्या अखेरीस तर नामवंत डॉक्टरांना कटाच्या खोट्या आरोपाखाली अटक करण्यात आली होती.

मार्च १९५३ मध्ये जोसेफ स्टालिन यांचे निधन झाले. त्यांच्या शवविच्छेदनाच्या अधिकृत अहवालावर स्वाक्षरी करणाऱ्या तज्ज्ञांमध्ये अकादमीचे अध्यक्ष या नात्याने अनिचकोव्ह यांचाही समावेश होता. मेंदूतील रक्तस्राव हे मृत्यूचे कारण अहवालात नमूद करण्यात आले. त्याच्या मुळाशी उच्च रक्तदाब आणि मेंदूच्या धमन्यांतील तीव्र काठिण्य असल्याचे त्यात म्हटले होते. ज्या रोगाचा अभ्यास अनिचकोव्ह यांनी चाळीस वर्षे केला, त्याच रोगाची नोंद देशाच्या सर्वशक्तिमान सत्ताधीशाच्या मृत्यूच्या कागदावर झाली.

उशिरा मिळालेला न्याय

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती बदलू लागली. पाश्चात्त्य देशांत हृदयविकाराने होणारे मृत्यू चिंताजनक प्रमाणात वाढले होते. ऐन उमेदीतील माणसे अचानक कोसळत होती. हा केवळ वार्धक्याचा परिणाम आहे, असे म्हणणे आता अवघड झाले. १९४८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तींना पुढील काळात कॉरोनरी हृदयविकार होण्याचा धोका अधिक असतो, हे १९६१ साली या पाहणीतून पुढे आले. जे अनिचकोव्ह यांनी सशांत दाखवले होते, ते आता माणसांच्या मोठ्या समूहात दिसू लागले.

१९५० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन गॉफमन यांनी अतिवेगवान अपकेंद्री यंत्राच्या साहाय्याने रक्तातील मेद वाहून नेणारे कण वेगळे केले. कोलेस्टेरॉल रक्तात सुटे फिरत नाही. प्रथिनांबरोबर बांधलेल्या वेगवेगळ्या घनतेच्या कणांतून त्याची वाहतूक होते. यांतील कमी घनतेचे कण, म्हणजे एलडीएल, धमन्यांना अपायकारक ठरतात, हे पुढे निश्चित झाले. प्रत्येक रुग्णासाठी असे यंत्र वापरणे मात्र शक्य नव्हते. १९७२ साली विल्यम फ्रीडेवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपे सूत्र दिले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा केला की एलडीएलचा अंदाज मिळतो. ट्रायग्लिसराइड्सचे प्रमाण ४०० मिलिग्रॅमच्या वर असल्यास हे सूत्र विश्वासार्ह राहत नाही. या सूत्रामुळे लिपिड प्रोफाइल ही तपासणी लहान गावातील प्रयोगशाळेच्याही आवाक्यात आली.

सशांविषयीच्या जुन्या आक्षेपालाही उत्तर मिळाले, आणि तेही एका सशाकडूनच. १९७३ साली जपानमधील कोबे विद्यापीठात योशिओ वातानाबे यांना नेहमीचाच आहार घेणारा, परंतु रक्तातील मेद जन्मतःच वाढलेला असा एक ससा आढळला. त्याच्यापासून वाढवलेल्या जातीतील सशांना कोलेस्टेरॉल खाऊ न घालताही धमनीकाठिण्य होते. त्याच दशकात अमेरिकेतील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी एलडीएल कण रक्तातून उचलून घेणाऱ्या पेशींवरील ग्राहकांचा शोध लावला. हे ग्राहक आनुवंशिक दोषामुळे काम करीत नसतील, तर बालवयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे त्यांनी उलगडून दाखवले. वातानाबे यांच्या सशांतही नेमका हाच दोष होता. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अखेरचा पुरावा औषधांनी दिला. जपानचे अकिरा एंडो यांनी बुरशीपासून मिळवलेल्या पहिल्या स्टॅटिनविषयीचे संशोधन १९७६ साली प्रसिद्ध केले. गंमत अशी की, हे औषधही उंदरांवर निष्प्रभ ठरले होते. कोंबड्या आणि कुत्र्यांवर मात्र ते गुणकारी ठरले. १९९४ साली उत्तर युरोपातील ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्या गटातील एकूण मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसून आले. रक्तातील निदर्शक खाली आणला की रोगाचा धोकाही खाली येतो, हे सिद्ध होण्यास १९१३ नंतर ८१ वर्षे लागली.

अनिचकोव्ह यांच्या हयातीतही त्यांच्या कार्याची थोडीबहुत दखल घेतली गेली. १९५८ साली अमेरिकी डॉक्टर विल्यम डॉक यांनी त्यांच्या संशोधनाची तुलना रॉबर्ट कॉख यांनी लावलेल्या क्षयाच्या जंतूच्या शोधाशी केली. नोबेल पारितोषिक मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ७ डिसेंबर १९६४ रोजी लेनिनग्राड येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच दिवसांनी स्टॉकहोम येथे कोनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांच्या चयापचयावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक प्रदान करण्यात आले.

आजच्या अहवालाचा अर्थ

अनिचकोव्ह यांच्या आयुष्यातील वादांचा आजच्या वाचकाला व्यवहारातही उपयोग आहे. पहिली गोष्ट आहाराविषयी. सशाच्या प्रयोगाचा अर्थ अंडे हे विष आहे, असा नाही. मानवी शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत आणि अन्य पेशी स्वतःच तयार करतात. आहारातील कोलेस्टेरॉलचा रक्तातील पातळीवर होणारा परिणाम व्यक्तीगणिक बदलतो आणि तो बहुधा मर्यादित असतो. संपृक्त मेदाचे अतिरिक्त सेवन आणि आनुवंशिकता यांचा वाटा अधिक असतो. म्हणूनच सडपातळ आणि शाकाहारी व्यक्तीच्या रक्तातही एलडीएल वाढलेले असू शकते. तपासणी केल्याशिवाय ते कळत नाही.

दुसरी गोष्ट निदर्शकांच्या प्रकारांविषयी. कोलेस्टेरॉल हा पुढील धोक्याचा निदर्शक आहे. आता त्याच्या जोडीला एपोबी, लायपोप्रोटीन (ए) आणि दाह दर्शवणारे सीआरपी यांसारख्या तपासण्याही उपलब्ध आहेत. ट्रोपोनिन ही तपासणी मात्र वेगळ्या जातीची आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातील हे प्रथिन रक्तात उतरते आणि काही तासांत त्याचे प्रमाण वाढते. एक तपासणी येऊ घातलेल्या संकटाची शक्यता सांगते, तर दुसरी घडलेल्या इजेची साक्ष देते. त्यामुळे छातीत दडपण, घाम आणि धाप ही लक्षणे दिसत असताना, मागील महिन्यातील कोलेस्टेरॉलचा अहवाल चांगला होता या भरवशावर घरी बसून राहणे घातक ठरू शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठून ईसीजी आणि ट्रोपोनिन तपासणी करणे हाच मार्ग असतो.

तिसरी गोष्ट भारतीयांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. केरळमध्ये जन्मलेले व कॅनडात संशोधन करणारे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ घटकांनी स्पष्ट होतो, असे त्यात दिसून आले. रक्तातील मेदवाहक कणांचे बिघडलेले प्रमाण आणि धूम्रपान हे त्यांतील सर्वांत प्रबळ घटक होते. याच अभ्यासातील माहितीच्या आधारे, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर अन्य देशांतील लोकांना सुमारे ५९ व्या वर्षी येतो, असे २००७ साली मांडण्यात आले. सहा वर्षांचा हा फरक कुटुंबातील कर्त्या माणसाच्या बाबतीत किती मोठा असतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि पोटाचा घेर हेही घटक त्याच यादीत आहेत. रोगाची कारणे एकत्रितपणे काम करतात, या अनिचकोव्ह यांच्या भूमिकेशी हे सुसंगत आहे.

धमन्यांचा आजार हा वयाचा अटळ भोग नसून त्याला शोधता येण्याजोगे आणि बदलता येण्याजोगे कारण आहे, हे अनिचकोव्ह यांनी दाखवून दिले. त्यांच्या निष्कर्षाकडे वेळीच लक्ष दिले गेले असते, तर प्रतिबंधाचे प्रयत्न कदाचित बऱ्याच आधी सुरू झाले असते. तो काळ परत आणता येत नाही. परंतु आज ही तपासणी गावोगावच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. अहवाल हाती आल्यावर तो कपाटात ठेवून न देता डॉक्टरांना दाखवणे आणि त्यांच्या सल्ल्यानुसार वागणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.